आडनावाशिवायची यादी

शाळेच्या हजेरीत माझं नाव 'मुक्ता भाऊराव' एवढंच होतं. दर जूनला नवे वर्गशिक्षक यायचे, नाव वाचायचे आणि चष्मा खाली करून विचारायचे, पुढं काय? मी सांगायचे, पुढं काही नाही. ते म्हणायचे, असं कसं, काहीतरी असेलच की. मी पुन्हा सांगायचे, न्हाई सर, आमच्याकडं नसतं. जणू आमच्याकडं फ्रीज नसतो, तसं. पोरी हसायच्या. मला त्याची लाज वाटत नव्हती, उलट जरा ऐटच होती. आडनावावरून जात कळते, जात कळली की माणूस माणसाला माणूस म्हणून बघत नाही, म्हणून भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्याही आधी स्वतःचं आडनाव टाकून दिलं होतं. त्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो.

भाऊ नांदेडच्या कापडगिरणीत मागावर होते आणि युनियनचे पुढारी होते. गिरणी रडतखडत चालायची, मग बंद पडायची, मग पुन्हा चालू होणार अशी आवई उठायची. भोंगा बंद झाला तरी भाऊ भोंग्याच्या वेळेलाच उठत. तेवढ्यात गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज वाऱ्यावर यायचा, माय चूल पेटवायची आणि भाऊ दात घासता घासता जगाच्या राजकारणावर बोलायला लागायचे. तोंडात मंजन असल्यामुळं निम्मं कळायचं नाही. मायला ते बरंच वाटायचं.

दर रविवारी सकाळी आमच्या पत्र्याच्या खोलीत बैठक असे. गिरणीतले सहा-सात जण, कोपऱ्यात शिंपीकाम करणारे करीमचाचा, आणि घरची माणसं म्हणून मी. माय आत असायची. एवढ्या माणसांना पुरेल अशी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्याची फोडणी दिलेली, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर, ती परातीत करायची. चुलीवर मिरची तडतडली की बैठकीतले सगळे एकदम ठसकायचे आणि भाऊ म्हणायचे, चला, विषय दुसरा. बैठकीला सूचक असे, अनुमोदक असे, हात वर करून मतदान असे आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत इतिवृत्त लिहिलं जाई. हळूहळू घरातल्या गोष्टीही त्या वहीत जायला लागल्या. मांजर पाळावं हा माझा ठराव दोन विरुद्ध सात मतांनी पडला. माझ्या बाजूनं एकटे करीमचाचा होते. शेजारच्या पोरीला खाजगी शिकवणीला घातलं म्हणून तिच्या बापाचा निषेध झाला, शिक्षण ही विकायची वस्तू नाही असा ठराव एकमतानं झाला, आणि त्या बापाला आपला निषेध झालाय हे आयुष्यभर कळलं नाही.

सगळ्यात शेवटी आत्मटीका. चूक झाली असेल त्यानं उभं राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, कारण शोधायचं आणि खाली बसायचं. मी नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला जाऊन दोन पेढे खाल्ल्याबद्दल आत्मटीका केली होती. कारण काय, असं भाऊंनी विचारलं, तर मी म्हणाले, पेढे गोड व्हते. करीमचाचा एवढे हसले की त्यांच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला. पण भाऊंनी ते तसंच्या तसं वहीत लिहिलं. थट्टा म्हणून नव्हे हं. माणूस आपलं खरं बोलला की ते लिहून ठेवायचं, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा होता. आत्मटीका केली की माणूस पुन्हा बैठकीत. नाही केली तर बैठकीला बसायचं नाही. आणि आमच्या घरात जे काही बोलण्यासारखं होतं ते सगळं त्या सतरंजीवरच बोललं जायचं, त्यामुळं तिथून उठवणं म्हणजे घरात राहून घराबाहेर. हे मी माझ्या लेकीला सांगते तेव्हा ती म्हणते, आई, काय छळ होता गं. मला तो छळ वाटत नव्हता. मला वाटायचं बाकीच्यांच्या घरी नुसतंच जेवतात आणि झोपतात.

मी बी.एस्सी. झाले त्याच वर्षी भूकंप झाला. पहाटे नांदेडलाही भांडी वाजली, आम्ही बाहेर पळालो, आणि दिवस वर आला तसं कळत गेलं की औसा, उमरगा त्या भागात गावंच्या गावं बसलीत. तिसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोनं निघालो. चादरी, पातेली, डाळ-तांदूळ, आणि मायनं केलेले धपाटे. भाऊ, करीमचाचा, गिरणीतले तिघं आणि मी. आमच्या वाट्याला औसा तालुक्यातलं एक गाव आलं. त्या गावाचं मी फार सांगत नाही. बरंच लिहून झालंय त्यावर, आणि वासाबद्दल लिहून काही कळत नाही. दगडमातीच्या जाडजूड भिंतींची मोठी घरं होती, ती माणसांवर बसली. पाऊस चालू होता. बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात भिजत होते आणि त्यातली एक जरीची साडी एका म्हशीच्या पायात अडकली होती, ती का कोण जाणे अजून डोळ्यासमोर आहे.

शाळेच्या एका उभ्या राहिलेल्या खोलीत आम्ही सामान लावलं. भाऊंनी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला. रांग एकच. पाटील असो का कुणी असो, एकच रांग. आणि यादीत नाव लिहायचं, खाणारी माणसं किती ते लिहायचं, बास. आडनाव न्हाई, आळी न्हाई. "धरणीनं जात इचारली का?" ते म्हणाले. "मंग आपण कामून इचारायची?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडं दिली.

पहिल्या दिवशी सहासष्ट नावं झाली. सामान नेलं की नावापुढं टीक. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली, पन्नाशीची असेल, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. नाव विचारलं तर म्हणाली गंगाबाई. माणसं किती? तीन. मी यादी बघितली. गंगाबाई, तीन, टीक. मी म्हणाले, "मावशी, तुमचं झालंय की." ती माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. रांगेत नव्हती, रांगेच्या बाजूला, शाळेच्या घंटेच्या खांबापाशी उभी होती. मी लांबूनच हात हलवून सांगितलं, झालंय तुमचं. मनात म्हणाले सुद्धा, बघा, दोन-दोनदा घ्यायला येतात लोक. हे मी इथं लिहिते आहे, कारण पुढं मी फार शहाणी झाले असं कुणाला वाटायला नको.

चौथ्या दिवशी भाऊ छपरांसाठी पत्र्यांचं बघायला एस.टी.नं औशाला गेले होते. करीमचाचा एका पोत्यावर बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "बेटी, वो बाई आज भी आके खडी है. जिसकू मिल्या, वो तीन दिन खाली हात कायकू खडी रहेगी?"

मी म्हणाले, "चाचा, टीक हाय न."

"टीक तो तेरे कागज पे है. उसके हात में क्या है, देख जरा."

मी उठून तिच्याजवळ गेले. विचारलं, मावशी, तुम्हाला चादरी मिळाल्या ना? ती म्हणाली, न्हाई. मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाली, "तुमी म्हनलात झालंय. लिवलेलं हाय म्हनलात. मंग म्या काय बोलू बाई?" आवाजात राग नव्हता. पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं सांगत होती. मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. गावात तिकडल्या भागाला नुसतं 'वस्ती' म्हणत, आणि कुणाची वस्ती ते सांगावं लागत नसे. छपरं हलकी म्हणून तिथली बरीच माणसं वाचली होती, आणि म्हणून गावातले म्हणत होते, त्यांचं काय गेलंय? गंगाबाईचं छप्पर एका बाजूला कलंडलं होतं. तिचा मुलगा मात्र गेला होता. तो गावात एका शेतकऱ्याकडं सालगडी होता, मालकाच्या गोठ्यात झोपायचा, आणि गोठ्याची भिंत दगडाची होती. मालकाच्या घरातली गेलेली माणसं मोजली तेव्हा तो त्यांच्यात नव्हता, आणि वस्तीतली मोजली तेव्हा तिथं तो झोपलेला नव्हता.

गंगाबाई गावात दुसरीही होती, पाटलांच्या भावकीतली. तिच्या घरीही तीन माणसं. आणि नुसती गंगाबाई नाही, लक्ष्मण, काशीबाई, विठ्ठल, अशा सात घरांना मी माझ्या हातानं परत पाठवलं होतं. बाकीची घरं रांगेत यायलाच तयार नव्हती. एक म्हातारा म्हणाला, रांग येकच हाय हे बरुबर, पन पारावरली मानसं आली की आमी मागं सरतो, ती सवयच हाय न. त्यानं हसून सांगितलं. मला काही हसू आलं नाही. मी तिथंच एका उखळावर बसले, यादीच्या वहीतला एक कोरा कागद काढला आणि नवी यादी केली. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, आळी, माणसं किती, कोण गेलं. पहिलं नाव गंगाबाईचं. मग करीमचाचांना सांगून निम्म्या चादरी आणि पातेली टेम्पोत घातली आणि थेट वस्तीवर नेऊन वाटली. ठराव न करता, कुणाला न विचारता. आमच्यात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आले. कागद खोलीत पेटीवर ठेवला होता. त्यांनी वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे तू लिवलंस?"

"हाव."

"जातवार?"

"आळीवार, भाऊ."

"येकच झालं ते." त्यांचा आवाज चढला नाही. भाऊंचा आवाज सभेत चढायचा, घरात नाही. "तीस वर्सं आमी हे पुसून राहिलो, आन् तू येका दुपारी समदं परत लिवलंस."

मी म्हणाले, "पुसलं न्हाई भाऊ. निस्तं लिवलं नव्हतं."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं आणि मलाच धक्का बसला. मी सगळं सांगितलं, गंगाबाई, सात घरं, रांगेतून मागं सरणं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, चूक यादी करताना झाली असंल, तर यादी नीट करायची. त्यासाठी आडनाव कशाला? त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, बैठकीत बघू. परतीच्या वाटेवर टेम्पोत ते पुढं बसले, मी मागं रिकाम्या पोत्यांवर. निलंग्याकडून येणाऱ्या एस.टी. चिखल उडवत जात होत्या. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत एक हलकेपणा होता, परीक्षेचा पेपर कोराच देऊन आल्यासारखा.

रविवारी बैठक झाली. विषय मीच. गिरणीतल्या एकानं ठराव मांडला की मुक्ता यांनी सामूहिक निर्णय मोडून मदतीचं वाटप जातीच्या पायावर केलं, याबद्दल त्यांनी आत्मटीका करावी. भाऊंनी कागद पुरावा म्हणून सतरंजीवर ठेवला. मी उभी राहिले. म्हणाले, हाव, आत्मटीका करते. सगळ्यांचे चेहरे सैल पडले. मी म्हणाले, "एका बाईला मी दोनदा रिकाम्या हातानं परत लावलं. कारण, कागदावर इस्वास ठेवला, माणसाकडं बघितलं न्हाई. ही माझी चूक."

"ती न्हाई," भाऊ म्हणाले. "त्याच्यानंतरची."

"त्याच्यानंतरची चूक न्हाई, भाऊ."

 आत फोडणी तडतडली पण कुणी ठसकलं नाही, का सगळ्यांनी ठसका गिळला कोण जाणे. भाऊंनी मतदान पुकारलं. हात वर गेले. करीमचाचांचा हात अर्ध्यापर्यंत गेला, तिथं जरा थांबला आणि मग माझ्याकडं न बघता वर गेला. मांजराच्या वेळी सुद्धा माझ्या बाजूनं होते ते. मला त्यांचा राग आला, आणि आजही थोडा आहे. त्यांच्या कबरीवर फूल ठेवून आल्यावरही आहे. तेवढ्यात माय परात घेऊन बाहेर आली. तिनं बैठकीत आजवर तोंड उघडलं नव्हतं. परात खाली ठेवून ती मला म्हणाली, "त्या बाईला मिळालं का मंग शेवटी?"

मी म्हणाले, मिळालं माय. दोन चादरी, एक पातेलं.

"मंग झालं की," माय म्हणाली, आणि आत गेली. भाऊंनी तिच्याकडं बघितलं, मग वहीत लिहिलं, 'मुक्ता यांनी आत्मटीका केली नाही.' सुशीला त्या दिवशी बरीच उरली.

त्यानंतर मी बैठकीला बसले नाही. भाऊ माझ्याशी बोलत नव्हते असं मुळीच नाही. पाणी आलंय का, एस.टी. कितीला आहे, डोकं दुखतंय का, हे सगळं बोलायचे. फक्त जगाबद्दल बोलायचे नाहीत. आणि मला तर तेच ऐकायची लहानपणापासूनची सवय. रविवारी सकाळी मी मायबरोबर आत कांदा चिरत बसायचे आणि बाहेरचे आवाज ऐकायचे, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलायचे. शेवटी मी लातूरला निघून गेले. तिथं तेव्हा क्लासेसचं पीक जोरात आलं होतं, गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनियर करायच्या पाट्या, खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांच्या ट्रंका, मेसचे डबे. एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायला लागले. म्हणजे जे विकायचं नाही असा एकमतानं ठराव झाला होता, तेच विकायला बसले. त्या ठरावालाही अर्थात मी हात वर केला होता. लातूरनं माझं फार भलं केलं, आणि लातूरबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. रात्रंदिवस घोकणारी, आईबापांना फोनवर खोटं हसून दाखवणारी पोरं मी इतकी बघितली आहेत की भाऊंचा तो ठराव अगदीच चूक होता असं आज म्हणवत नाही. त्यांचं मी सगळं सोडलं असं लोक समजतात. मी फक्त एक यादी बदलली होती. बाकीचं हळूहळू, माझ्या नकळत गळत गेलं, आणि काही अजून चिकटून आहे.

भाऊ कधी लातूरला आले नाहीत. माझ्या लग्नाला आले, तेही नांदेडलाच होतं म्हणून. माय वारली, करीमचाचा वारले, बैठकीला येणारी माणसं एकेक करून कमी झाली. मग भाऊंना मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनला मी त्यांना माझ्याकडं आणलं. पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आलो, तर समोर आमच्याच क्लासचं भलंमोठं होर्डिंग. निकाल नुकताच लागला होता. पोरापोरींचे फोटो, खाली पूर्ण नावं. भाऊ काळा चष्मा लावून रस्त्यातच उभे राहिले आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. नाव, बापाचं नाव, आडनाव. आडनावापाशी जरा थांबायचे. रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी म्हणाले, भाऊ, चला. ते म्हणाले, थांब गं, पहिल्यांदाच नीट दिसून राहिलंय. सगळी नावं वाचून झाल्यावर म्हणाले, "वस्तीतली बी हायत की पोरं."

"हायत न," मी म्हणाले. "कमी हायत."

"ते आडनाव लिवलं म्हनून कळलं," भाऊ म्हणाले आणि चालायला लागले.

दुपारी जेवायला बसलो. मी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली होती, मायच्या हातची येत नाही, पण त्यांनी ती गुपचूप भाकरीवर ओतून घेतली. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "ती गंगाबाई. तिचं आडनाव काय व्हतं गं?"

मी तोंड उघडलं. आणि काही आलं नाही. ज्या बाईपायी मी घर सोडलं असं स्वतःला इतकी वर्षं सांगत आले, वर्गात पोरांना, नवऱ्याला, लेकीला जिची गोष्ट सांगितली, तिचं आडनाव मला आठवेना. मी बराच वेळ शोधलं. पदर आठवला, घंटेचा खांब आठवला, म्हशीच्या पायातली जरीची साडीसुद्धा आठवली. शेवटी म्हणाले, "आठवत न्हाई, भाऊ."

भाऊ आमटीकडं बघत म्हणाले, "गंगाबाई तुळशीराम कांबळे. ओढ्यापलीकडं, वस्ती. मानसं तीन. मुलगा मालकाच्या गोठ्यात गेला. त्याचं नाव राजेंद्र." मग दुसरं नाव सांगितलं, मग तिसरं. लक्ष्मण, काशीबाई, विठ्ठल, सगळी घरं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत पाठांतर म्हणावं तशी. "कागद फाटत आला व्हता," ते म्हणाले. "म्हनून पाठ केलं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. भाऊंनी ताट थोडं पुढं सारलं, चष्मा काढला, आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाले, "मंग आता आत्मटीका कुणी करायची, मुक्ता? तू का मी?"

मी आमटीनं भरलेला उजवा हात तसाच वर केला. समोर भाऊंनीही केला.